पट्टीची झाकलेली बाजू

२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. ट्रंका वर चढवून झाल्या, शेगडी पेटली, पहिला चहा झाला. मी अजून चादरी शोधत होते तोवर धाकट्याने खिडकीपाशी खुर्ची ओढून आपली जागा पक्की केलीसुद्धा. म्हणाला, ताई, राजवाडा मिळाला, आता राज्य तेवढं शोध.

इमारत मला आवडली. पूर्वी इथे बर्फाचा कारखाना होता, म्हणून भिंती हातभर जाड आणि खालच्या दालनाला एकही खिडकी नाही. जुनी कापडं ठेवायला याहून चांगली जागा मागूनही मिळाली नसती. रंगमंचाचे पडदे, नाचाचे झगे, निशाणं, कुणाकुणाची अंगडी-टोपडी, सगळं रुळांवर गुंडाळून नाहीतर खणांत निजवून ठेवलेलं. कसर, ओल आणि उजेड या तिघांपासून त्यांना वाचवायचं, हे माझं काम. दालनाच्या एका टोकाला बाहेरचं दार, दुसऱ्या टोकाला जिना, जिन्यावर आमच्या दोन खोल्या. घरी जायचं तर दालनातूनच.

संचालकबाईंनी स्वतः येऊन किल्ल्या दिल्या. आधीच्या बाई प्रकृतीमुळे सोडून गेल्या, एवढंच म्हणाल्या. मी खोदून विचारलं नाही.

मोठ्या खोलीची खिडकी पूर्वेकडे आहे. मुलाखतीत मी पगाराआधी हेच विचारलं होतं. ते धाकट्यासाठी. ही वहीही त्याच्यासाठीच पुन्हा सुरू करते आहे, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवते. ऊन कमी झालं की माझा हा भाऊ विझत जातो. आधी हसणं जातं, मग भूक, मग अंथरुणातून उठणं. गेल्या हिवाळ्यात तो मला जवळजवळ अंतरलाच होता. शेजारी वेळेवर धावले, दार तोडलं, म्हणून आहे. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की त्याच्या शरीरातलं घड्याळ उन्हावर चालतं. गोळ्या घ्यायच्याच, पण रोज सकाळी तासभर ऊन अंगावर घ्यायचं, आभाळ असलं तरी खिडकीत बसायचं. वसंतात उलटं होतं. ऊन एकदम वाढलं की हा एकदम पेटतो, झोपत नाही. एकदा शेजाऱ्यांची कुंपणाची भिंत त्यांना न विचारता निळी करून आला होता. तेव्हा त्याही बाजूला लक्ष ठेवा, असं त्या म्हणाल्या. पण खरी भीती हिवाळ्याची. हा हिवाळा तो तरला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

६ ऑक्टोबर

मला इथे का घेतलं ते आज कळलं. दालनात सर्वात मोठा पडदा आहे, पक्ष्यांचा. रेशमावर भरतकाम, हिरवे राघू, निळे मोर, चोची तांबड्या. त्याचा रंग गेली काही वर्षं उडत चाललाय. कुठून तरी उजेड शिरतोय, संचालकबाई म्हणाल्या, आधीच्या बाईंना शेवटपर्यंत सापडला नाही, तुम्ही शोधा. वसंतात हा पडदा प्रदर्शनात मांडायचाय. आणि अर्थात माझी नेमणूक तोवर तात्पुरती आहे, हेही त्यांनी सौम्यपणे सांगितलं.

मी आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय केला. निळ्या लोकरीच्या छोट्या पट्ट्या मिळतात. त्यांचा रंग मुद्दाम कच्चा असतो. उजेड लागला की कुठल्याही कापडाआधी त्या फिक्या पडतात. पट्टीचा अर्धा भाग चंदेरी कागदाने झाकायचा, अर्धा उघडा ठेवायचा आणि ती कापडाशेजारी टांगायची. काही दिवसांनी कागद काढून दोन्ही अर्धे ताडून पाहायचे. उघडा अर्धा जितका फिका, तितका उजेड तिथे पोचतो. साधी गोष्ट आहे. शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मी हे इतक्यांदा केलंय की झोपेतही करेन.

पडद्याजवळ, खणांत, जिन्याच्या पायथ्याशी, अशा ठिकठिकाणी पट्ट्या टांगल्या.

१० ऑक्टोबर

धाकटा खुशीत आहे. सकाळचं ऊन आधी पलंगाच्या पायाशी येतं, मग जमिनीवरून सरकत खुर्चीवर चढतं, आणि तो तिथे तयार बसलेला असतो, आईने विणलेला पिवळा स्वेटर घालून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. ऊन गुडघ्यांवर आलं की मला हाक मारतो: ताई, साहेब आले. मी चहा आणते. साहेब जाईपर्यंत आम्ही बसतो.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला पाटी रंगवायला दिलीय. पाट्या रंगवणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. गेलं वर्षभर ब्रश हातात धरला नव्हता. दुकानदार गप्पिष्ट आहे. बर्फाच्या कारखान्यात राहता म्हणजे तुम्ही टिकाल, नासणार नाही, असं म्हणाला. धाकटा घरी येईपर्यंत हसत होता.

१९ ऑक्टोबर

आज पट्ट्या उघडल्या. माझ्या हातून मोठी चूक झालेली दिसते.

सगळ्या पट्ट्यांवर एक अर्धा गडद निळा आहे आणि एक फिका. पण फिका आहे तो झाकलेला. उघडा जसाच्या तसा. मी पुनःपुन्हा पाहिलं. मग उघड होतं ते स्वतःशी कबूल केलं: मी कागद काढताना पट्ट्या हातात फिरल्या आणि कुठला अर्धा कुठला ते माझं उलटं झालं. सगळ्याच पट्ट्यांच्या बाबतीत उलटं व्हावं हे विचित्र आहे खरं, पण एकाच सवयीने एकच चूक पुनःपुन्हा होऊ शकते. दुसरा अर्थ निघत नाही. झाकलेलं कापड उडत नाही.

धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, ताई, तू डाव्या-उजव्यात चुकलेली मला जन्मात आठवत नाही. तू दूधसुद्धा मापून उतू घालवतेस. मी म्हटलं, वय होतंय. तो म्हणाला, मग पट्टीचंही होत असेल.

काही असो, रंग उडालाय, म्हणजे उजेड आहे. दिवसभर फटी शोधल्या. बाहेरच्या दाराच्या चौकटीशी एक, जुन्या नळाच्या भोकाशी एक. काळी चिकटपट्टी लावली, आत पुठ्ठा ठोकला. नव्या पट्ट्या टांगल्या, आणि यावेळी उघड्या अर्ध्यावर लाल दोऱ्याचा टाका घातला. आता हातात कशाही फिरल्या तरी चुकायला जागा नाही.

३० ऑक्टोबर

टाका फिक्या अर्ध्यावर नाही. टाका गडद अर्ध्यावर आहे.

दुपारभर मी दालनात खुर्ची टाकून बसून होते. टाका मीच घातला होता, उघड्या अर्ध्यावर घालायचं ठरवून. की ठरवलं एक आणि हाताने केलं दुसरं? त्या दिवशी आधीच्या चुकीमुळे मन ठिकाणावर नव्हतं हे खरं. वर नेऊन धाकट्याला दाखवल्या, डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून. टाक्याची बाजू गडद, तो म्हणाला. म्हणजे माझे डोळे ठीक आहेत.

संध्याकाळपर्यंत एक समाधानकारक कारण सापडलं: चंदेरी कागद. नवा गठ्ठा आहे, त्याला काहीतरी रसायन असणार, त्याने लोकर विटली. पुढच्या वेळी कागदाऐवजी पुठ्ठा वापरेन. कारण सापडल्यावर इतकं हलकं वाटलं की मी स्वतःवरच थोडा संशय घेतला. पण कारण चांगलं आहे.

फटी बुजवल्यावर पक्ष्यांच्या पडद्याचा रंग टिकायला हवा होता. चोची आता गुलाबी दिसतात.

५ नोव्हेंबर

संचालकबाई येऊन गेल्या. पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, तुम्ही आल्यापासून वेग वाढलाय, कमी नाही झाला. मग जिन्याकडे पाहून विचारलं, वरच्या खोलीची खिडकी उघडी असते का? दार उघडलं की तो उजेड जिन्यावरून थेट खाली येत असेल ना?

मी सांगितलं, भावाला ऊन लागतं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी मान हलवली. तुमची अडचण समजते, म्हणाल्या, पण पडदा दुसरा नाही मिळणार. भाऊही दुसरा मिळणार नाही, हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं की जिन्याच्या दाराला जाड पडदा लावते आणि वर मंद पिवळे दिवे लावते. दोन्ही आजच केलं. खिडकीला हात लावलेला नाही, लावणार नाही.

९ नोव्हेंबर

दिवस आखडत चालले. ऊन आता खुर्चीवर चढतच नाही, खुर्चीच्या पायांशी येऊन जातं. धाकट्याने खुर्ची सोडून जमिनीवर बसायला सुरुवात केलीय. साहेब आता उशिरा येतात आणि लवकर सटकतात, सरकारी नोकरी लागली वाटतं, असं म्हणाला. विनोद आहे, म्हणजे अजून बरा आहे. पण दुकानदाराची पाटी अर्धीच पडून आहे. रंग जमत नाही म्हणतो. लाल मागितला तर डबीतून लाल येत नाही.

त्याचा पिवळा स्वेटर धुवायला घेतला. बाह्यांच्या घड्या उलगडल्या तर आतून लोकर पांढुरकी झालेली. बाहेरची बाजू पिवळीधमक, घडीत राहिलेली फिकी. साबण घडीत साचून राहिला असावा. दुसरा साबण आणते.

१६ नोव्हेंबर

दुकानात गेले. बाहेरचा उजेड डोळ्यांत वाळूसारखा गेला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि एरवीसारखी थट्टा केली नाही. हळूच विचारलं, ताई, घरी कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, थोडासा. तो म्हणाला, नाही, तुम्हीच. बरेचदा धुतलेल्या फडक्यासारख्या दिसताय. आधीच्या बाई पण शेवटी शेवटी अशाच यायच्या, डोळ्यांवर हात धरून.

परत येऊन दालनात शिरले आणि बरं वाटलं. हे लिहिणं भाग आहे, कारण मला ते आवडलं नाही. आत आल्याबरोबर अंगातलं काहीतरी सैल झालं, दुःख वाटेनासं झालं, आणि दुःखाबरोबर बाकीचंही. रुळांच्या मधल्या वाटेवर मी नुसती उभी होते. कशासाठी आत आले ते आठवेना आणि आठवायची घाईही वाटेना. धाकटा आजाराचं वर्णन असंच करायचा. दुःख नसतं गं ताई, तो म्हणायचा, काहीच नसतं, ते काहीच नसणं तुझ्याकडे बघत असतं.

मला तो आजार कधी नव्हता. थकवा असेल.

२० नोव्हेंबर

पुठ्ठ्याने झाकलेल्या पट्ट्याही तशाच. झाकलेला अर्धा आता फिकाही नाही, पांढरा आहे.

मी मनाशी मुद्दे मांडले. रंग उडतो तो उजेडाने. याला अपवाद मी शिकले नाही, शिकवला नाही, पाहिला नाही. तेव्हा पुठ्ठा लावला तरी झाकलेल्या भागाला उजेड पोचतोय. म्हणजे फार तीव्र, फार सूक्ष्म असा उजेड आहे, जो मला दिसत नाही. म्हणजे आणखी बंदोबस्त हवा.

हे वाचून पाहिलं. प्रत्येक पायरी बरोबर वाटते. तरी कुणीतरी दुसऱ्याने हे लिहून मला दाखवलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं, हा विचार आला. तो फार वेळ टिकला नाही.

२२ नोव्हेंबर

धाकट्याने आज इथून जाऊया म्हटलं. कुठेही, सपाट जागी, जिथे आभाळ मोठं असेल. त्याने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. जिन्याचं दार लावलं की, तो म्हणाला, खालून कुणीतरी धागा ओढतं. कापडातून एक धागा काढावा तसा, सावकाश, तुटू न देता. दुखत नाही. ऊन असेपर्यंत थांबतं, ऊन गेलं की परत सुरू.

मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याला म्हटलं, हिवाळ्याचं आहे हे, दरवर्षीचं आहे. तो म्हणाला, ताई, दरवर्षीचं मला पाठ आहे, हे ते नाही.

खाली जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं: ऊन वाढवा, जमेल तितकं बाहेर न्या, आणि या आठवड्यात त्याला घेऊन या. मी विचारलं, धागा ओढल्याचं भासतंय म्हणजे डोकं भलतीकडे धावतंय. वसंतात व्हायचं तसं, उन्हाने चढल्यासारखं, असं तर नसेल? त्या म्हणाल्या, फोनवर सांगता येणार नाही, आणा त्याला. नाही म्हणाल्या नाहीत.

२५ नोव्हेंबर

त्याला न्यायला निघालो होतो. बाहेरच्या दारापर्यंत आलो. दार उघडलं, समोर स्वच्छ पांढरं ऊन होतं, आणि माझे पाय पुढे गेले नाहीत. तो माझा हात ओढत होता, ताई चल, एवढीच पायरी. मी दार लावून घेतलं. डोळे दुखतात म्हटलं. उद्या जाऊ म्हटलं.

तो जिन्यावर बसून राहिला. रडला नाही. मीच त्याला धरून वर आणलं.

संचालकबाईंचा निरोप आहे. सोमवारी पडदा पाहायला दोघे तज्ज्ञ येणार आहेत. पक्षी आता पक्षी वाटत नाहीत, त्यांच्या सावल्या वाटतात.

२७ नोव्हेंबर

खिडकी बंद केली.

असं का केलं ते प्रामाणिकपणे लिहिते. एक, इमारतीत उजेड येण्याचं ते एकच ठिकाण उरलं होतं. दोन, त्याचे भास उन्हाने वाढत असतील तर थोडे दिवस अंधार त्याला शांत करेल. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. तीन, सोमवारनंतर मी ती पुन्हा उघडणारच आहे. चौथं कारण असं की मला स्वतःला ते ऊन सहन होईना. सकाळी ते जमिनीवरून माझ्याकडे सरकताना पाहिलं की भीती वाटायची. हे चौथं मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं.

झडपा लावल्या, मध्ये पुठ्ठा, त्यावर काळं जाड कापड, दुहेरी. कडा खिळ्यांनी नाही ठोकल्या, शिवल्या, भिंतीवरच्या कापडी अस्तराला सलग. वरून भिंतीच्याच रंगाचं कापड ताणलं. हात फिरवला तरी भिंत कुठे संपते आणि खिडकी कुठे सुरू होते ते कळत नाही. इतकं सुबक काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

धाकटा खुर्चीत बसून बघत होता. एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाला, साहेबांना सांग, मी घरी नाही.

२९ नोव्हेंबर

तो खात नाही. बोलतो, पण हळू, आणि मधेच वाक्य सोडून देतो. गोळी जिभेवर ठेवायला मी त्याचं तोंड उघडलं.

आत रंग नव्हता. जीभ, हिरड्या, टाळू. पिवळ्या दिव्यात नीट दिसत नाही, म्हणून दिवा जवळ नेला. राखाडी. गाल मात्र अजून थोडे तांबूस आहेत. जे वर्षानुवर्षं उन्हात राहिलं ते अजून आहे. जे झाकलेलं होतं ते —

बाहीची घडी. पट्टीचा अर्धा. तोंडाच्या आतली बाजू.

मी चुकले नव्हते. टाका बरोबर होता. पट्ट्या तिन्ही वेळा बरोबर होत्या.

२९, नंतर

उजेड रंग नेत नव्हता. उजेड राखत होता. मी एकेक फट शोधून, बुजवून, वर टाके घालून —

पट्टी खोटं सांगत नव्हती. मी स्वतःला खोटं ठरवलं. त्याने सांगितलं होतं, तू चुकत नाहीस. त्याने सांगितलं होतं धागा ओढतंय. त्याचं म्हणणं आजार म्हणून बाजूला ठेवलं, माझं म्हणणं चूक म्हणून. दोघांपैकी एकावर जरी विश्वास ठेवला असता —

खिडकी उघडते.

३०?

दिवा लागलेला आहे. दिव्यातली तार दिसते, लाल बारीक तार. पण उजेड तारेच्या पुढे येत नाही. काचेतच थांबतो. माझा हात दिव्याला लावला तर चटका बसतो, आणि हात दिसत नाही.

खाली फोन आहे. खालून जिन्यावर काही चढत नाही, आवाज नाही. नुसतं दार उघडं आहे आणि खालचं ते काहीच नसणं वर आलंय. खाली मी जाणार नाही.

अक्षरं एकमेकांवर चढत असतील. लिहिते आहे कारण लिहिणं थांबलं की मी कशासाठी उठले होते ते जातं. खिडकी. खिडकीसाठी उठले. धाकट्यासाठी.

 

भिंतीवरून हात फिरवते आहे. सगळीकडे भिंत. काम चांगलं केलंय. शिवण लागत नाही. कात्री हातात आहे, पण कुठे —

तो बोलला. मागून, खुर्चीतून. ताई, साहेब आले का.

मी म्हटलं, येताहेत, वाटेत आहेत, तू बस.

बसलोय, म्हणाला. बसण्यापुरता उरलोय.

 

सापडली. खालचा कोपरा, जिथे दोरा संपवून गाठ मारली होती. गाठ कापली. कापड. दुसरं कापड. पुठ्ठा ओला झालाय, हाताने फाटतो. झडप. कडी गंजली —

उघडली.

काही दिसत नाही. बाहेर रात्र असेल. रात्रच असेल, मी चुकीच्या वेळी —

नाही. हाताला ऊब लागते. तळहातावर, मग मनगटावर. मानेवर. ओळखीची आहे ही ऊब. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाच्या फळ्या काढतंय, कुणीतरी हसलं, दुकानदाराचाच आवाज. सकाळ आहे. ऊन खोलीत आलंय. माझ्या तोंडावर पडलंय आणि मला —

हरकत नाही. माझं राहू दे. त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. आता ते खुर्चीवर चढत नाही. खुर्चीच ओढून आणते.

खुर्ची हलकी आहे.

आणली. उन्हात ठेवली. धाकट्या, साहेब आले. स्वेटर हाताला लागतो, गरम होतोय. बाह्या दुमडलेल्याच आहेत. उलगडते, म्हणजे आतपर्यंत ऊन जाईल. बाहीच्या आत हात घातला. आत —